गाडी झोपते कुठे?

मी एकदा एक मोटार रांगोळीने घासली आहे. रांगोळी म्हणजे दारात काढतो तीच, आणि जोडीला चिंच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी समई, ताम्हन, घंटा सगळं लखलखीत झालं होतं. वाटीत थोडी चिंच उरली होती, मूठभर रांगोळी उरली होती, आणि खाली माझी गाडी कावळ्यांनी केलेल्या उद्योगासकट उभी होती. शहाण्या बाईने अशा वेळी हात धुऊन चहा घेतला असता. मी वाटी घेऊन जिना उतरले. तेव्हा मी साठीची कोवळी पोर होते, नुकतीच निवृत्त झालेली. कचेरीत इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या की आपणही चुकू शकतो, हे डोक्यातून पार निघून गेलं होतं.

गाडी माझीच होती, गडद निळी. उतारवयात ड्रायव्हिंग शिकले, शिकवणाऱ्याला घाम फोडला, आणि मग ही घेतली. यांचं म्हणणं होतं, पांढरी घे, धूळ दिसत नाही. मी म्हटलं, धूळ दिसू नये म्हणून गाडी घ्यायची असेल तर मग कपाटच घेऊ या. तर त्या निळ्या बॉनेटवर मी बसून, वाकून, पदर खोचून मन लावून रांगोळी फिरवली. पाणी ओतलं तेव्हा सुरेख दिसलं. मग ऊन आलं, पाणी वाळलं, आणि आमच्या परळच्या इमारतीच्या अंगणात मला भर दुपारी धुकं दिसलं. सगळ्या बॉनेटवर गोल गोल पांढुरक्या रेघा. हे गॅलरीत उभे होते. शांतपणे म्हणाले, "झाली का एकदाची पांढरी?"

त्या रेघांनी मला मेणकाकांकडे नेलं.

डिलाईल रोडला एका बंद पडलेल्या गिरणीच्या भिंतीला लागून त्यांचा गाळा होता. पाटीवर काहीतरी इंग्रजी लिहिलं होतं, पण ते कोणी वाचत नसे. सगळे म्हणत, मेणकाकांकडे दे. माझ्यापेक्षा ते वयाने लहानच होते. तरी मी पहिल्याच दिवशी "काका" म्हटलं, कारण माझी तेव्हा काका म्हणण्यासारखीच अवस्था होती. मला वाटलं होतं, तेलकट चड्डीतला कोणी माणूस असेल. समोर आले ते पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टातले गृहस्थ. केस मागे वळवलेले, हातात घड्याळ नाही, बोटात अंगठी नाही, कमरेला पट्टा नाही. गाडीकडे त्यांनी बघितलंच नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "गाडी झोपते कुठे?"

मी म्हटलं, "काय?"

"रात्री. झोपते कुठे?"

"बिल्डिंगखाली. बदामाच्या झाडाखाली."

"कावळे?"

"आहेत."

"पुसतं कोण?"

"वॉचमन."

"सगळ्या गाड्या एकाच फडक्याने?"

मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटले. सासरी मुलीचे हाल होतात असं ऐकल्यावर बाप मिटेल, तसे. मग बॉनेटवरून बोटं फिरवली आणि विचारलं, "आणि ही रांगोळी कोणी काढली?"

रांगोळी हा शब्द त्यांनी आपला असाच वापरला असणार, पण मी घाईघाईने हात पदराखाली लपवले. म्हटलं, "मुलांनी असेल. खेळतात तिथे."

"पोरांचा हात एवढा नेटका नसतो हो. हा भांडी घासणारा हात आहे."

गाळ्याच्या आतून कोणीतरी फिस्सकन हसलं. ती त्यांची मुलगी संजना. निळा एप्रन, आखूड केस, हातात पॉलिशचं मशीन. बायको गेल्यानंतर घरात आणि गाळ्यात ही दोघंच. ती म्हणाली, "काकू, टेन्शन नका घेऊ. मागच्या दसऱ्याला एकांनी खोबरेल तेल चोपडलं होतं. मुंग्या आल्या गाडीला."

मेणकाकांच्या गाळ्यात शिरायचं तर अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवावं लागे. गाडीला ओरखडा जाऊ नये म्हणून. प्रभादेवीचे एक स्थूल वकील स्वतःच्या गाडीचं काम बघायला आले, तर त्यांना पट्टा काढायला लावला. बिचारे तासभर एका हाताने पँट धरून उभे, आणि दुसऱ्या हाताने फोनवर अशिलाला धीर देत होते. मला काका म्हणाले, "बांगड्या काढा."

मी उसळले. "सवाष्ण बाईला बांगड्या काढायला सांगता? बोलण्यावरून कोकणातले ना तुम्ही?"

"कोकणातला आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे बांगड्यांचा मान मोठा, पण गाडीला कुठे कळतो तो?"

बराच वेळ वाद झाला. शेवटी त्यांनी दोन धुतलेले पायमोजे आणले, त्यांची पुढची टोकं कापली आणि माझ्या दोन्ही मनगटांवर बांगड्यांवरून चढवले. साठ वर्षांची, कचेरीत जिला सगळे टरकून असत अशी मी, कोपरापर्यंत मोजे घालून एका गाळ्यात उभी. त्या अवतारात यांनी मला बघितलं असतं, तर उरलेला जन्म त्यांना दुसरी करमणूक लागली नसती.

फळीवर बाटल्या आणि डबे मांडलेले असत. कंपन्यांची नावं त्यांना मान्य नव्हती. त्यांनी पॉलिशचे दोनच पक्ष केले होते, मवाळ आणि जहाल. मवाळ म्हणजे जेमतेम खरवडणारं. जहाल म्हणजे खोल ओरखडा काढणारं, पण त्याबरोबर वरचा पातळ थरही खाणारं. "आधी मवाळांना संधी द्यायची," ते म्हणत. "जहाल काय, कधीही बोलावले तरी येतात. पण खाल्लेला थर परत येत नाही." गाडीच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढी जागा चिकटपट्टीने आखून घेत आणि तिथे मवाळ लावून बघत. नाहीच ऐकलं, तर त्याहून जरा तिखट. या प्रकाराला ते "गाडीला विचारणं" म्हणत. त्या चौकोनाने उत्तर दिल्याशिवाय बाकीच्या गाडीला हात लागत नसे.

मग स्पिरिट. पॉलिश झालेल्या जागेवर स्पिरिटचं फडकं फिरवल्याशिवाय ते कोणाचाही शब्द मानत नसत, स्वतःचासुद्धा. "पॉलिशमधलं तेल लबाड. ओरखड्यात जाऊन बसतं आणि सगळं गुळगुळीत असल्याचं भासवतं. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, पहिल्या धुण्यात तेल उतरतं, आणि मग शिव्या कोण खातं?"

आणि सगळ्यात शेवटी मेण. हा त्यांचा देव्हारा. मेण निवडताना त्या "गाडी झोपते कुठे?"चं उत्तर कामाला येई. कॉटन ग्रीनला गोदामांजवळ उभी राहणारी गाडी असेल तर तिला धूळ न धरणारा कोरडा, टिकाऊ थर. समुद्राजवळ झोपणारीला खाऱ्या वाऱ्यासाठी आणखी वेगळा. पण गडद रंगाची गाडी असेल, तिचा मालक तिला जपणारा असेल, तर खास डबा निघे, ताडाच्या पानावरच्या मेणाचा. ते मेण फार टिकत नाही, पण रंगात जी खोली येते ती दुसऱ्या कशाने येत नाही. ते तो डबा उघडून आधी नाकाशी नेत, मग बोटावर घेऊन दोन तळहातांत चोळत, आणि उघड्या हातांनीच बॉनेटवर लावू लागत. इतके सावकाश की बघणाऱ्याची पापणी जड व्हावी.

माझ्या निळ्या गाडीला ते मेण लागलं ती दुपार मला अजून स्वप्नात असल्यासारखी आठवते. गाळ्यात मधासारखा आणि थोडा केळ्यासारखा वास भरला होता. बाहेर रस्ता वाहत होता, पण त्याचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा येत होता. गोल, गोल, गोल हात फिरत होते आणि धुकं विरत होतं. मग त्यांनी शेवटचं फडकं फिरवलं, आणि बॉनेटच्या आत एक आभाळ उघडलं. गिरणीच्या भिंतीमागचे नवे टॉवर त्यात वटवाघळांसारखे उलटे लटकत होते. एक घार अगदी खोलवर, पाण्याच्या तळाशी पोहावी तशी गेली. मी वर बघायला गेले, तर काका म्हणाले, "वर नका बघू. वर नुसतं ऊन आहे. हय बघा."

ते स्वतः कधीच वर बघत नसत. पाऊस येणार का, हे सुद्धा ते गाड्यांच्या टपांवर बघून सांगत, आणि बहुतेक वेळा चुकत.

चुकायचे ते इतरही बाबतींत. संजनाने नवं सिरॅमिक कोटिंग शिकून घेतलं होतं. वर्षानुवर्षं टिकणारं, आजकाल सगळे मागतात ते. काका त्याला "कढईचं नॉनस्टिक" म्हणून हिणवत. येणाऱ्या गिऱ्हाईकाला, "तुम्हाला गाडी हवी की तवा?" असं विचारून परत पाठवत. संजना कपाळाला हात लावी. "अप्पा, तुमच्या मेणाच्या प्रेमापायी आपण एक दिवस मेणबत्त्या विकत बसू." गाळा खरं तर तिच्या नॉनस्टिकवरच चालला होता. हे त्यांना माहीत होतं आणि त्याविषयी ते भयंकर रुबाबात गप्प असत.

माझी गाडी बरी झाली तरी मी जातच राहिले. घरी दोन माणसांचा स्वयंपाक लवकर उरके, आणि पुढे लांबलचक दुपार पडलेली असे. मी डब्यात काहीतरी घेऊन जाई, स्टुलावर बसे, तोंड चालवी. आणि मग हळूहळू मला तिथे कामच मिळालं.

झालं होतं असं की काकांना काचबिंदू होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, थेंबांनी आहे तेवढं टिकेल, गेलेलं येणार नाही. हाताला खडबडीत लागे ते त्यांना अजून नेमकं कळे. बोटांवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून ते दारावरून हात फिरवत आणि कुठे काय चिकटलंय ते अचूक सांगत. पण पॉलिशच्या बारीक रेघा हाताला लागत नाहीत. त्या फक्त प्रकाशात दिसतात. एक गाडी तशाच रेघांसकट गेली आणि दुसऱ्या दिवशी परत आली. संजनाने मालकाची माफी मागितली, गाडी स्वतः नीट करून दिली, आणि मग बापासमोर येऊन उभी राहिली.

"अप्पा, अजून एक गाडी परत आली, की निवडायचं आणि फिरवायचं मी. कबूल?"

काका बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिले. मग म्हणाले, "कबूल. पण तोवर कोणी मध्ये बोलायचं नाही."

कोणतं पॉलिश, कुठलं मेण, हे ठरवण्यातच त्यांचा सगळा जीव होता. ते गेलं की शर्टाची इस्त्री तेवढी उरणार, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं.

माझ्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू त्याच सुमारास काढले होते. मला नको तेवढं दिसत होतं. यांच्या कानातले केससुद्धा. मी म्हटलं, "काका, टॉर्च मी धरते. काय दिसतं ते सांगते. ठरवा तुम्ही." संजनाने टॉर्च माझ्या हातात दिला. मी मोजे चढवले.

आता मला त्या धंद्यातले शब्द कुठे येत होते? मला स्वयंपाकघरातले येत होते. मी टॉर्च तिरपा धरून सांगे, "तव्यावर डोसा पसरताना उठतात ना, तशा गोल रेघा आहेत." काका म्हणत, "मवाळ, पण जरा दाट." "इथे तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ दिसतंय." "मग जहाल जास्त झालं. मऊ पॅड लावून मवाळ फिरवू." "आता दोन तारी पाकासारखं, आत बघत राहावंसं." "झालं. स्पिरिट मारा." माझ्या तोंडून ते बघत आणि त्यांच्या हातांना ते कळे. भूक मात्र सगळ्यांना लागे.

त्यांची एकच तक्रार होती, माझे सगळे दाखले शाकाहारी. "वहिनी, ह्या निळ्याला बांगड्याची पाठ यायला पाहिजे. ताज्या बांगड्याची. बघितलीय कधी?" मी कशाला बघते! तर ते असे खिन्न झाले की दुसऱ्या सकाळी मी नाकाला पदर लावून दादरच्या मासळीबाजारात गेले. एका कोळणीच्या पाटीसमोर वाकून टॉर्च मारला. खरंच, निळा, त्यात हिरवा, त्यावर पाण्याची नक्षी, आणि बघावं तेवढा खोल. कोळीण खवळली. "ओ मावशी, घ्यायचे नाय तर बत्ती कसली मारता?" मी म्हटलं, "गाडीसाठी बघतेय." ती शेजारणीला म्हणाली, "बघ गो, आता गाड्या पण मासे खायला लागल्या." हे काकांना सांगितलं तेव्हा ते इतके हसले की टेकायला गाडी शोधू लागले, आणि टेकले मात्र भिंतीला. गाडीला टेकायचं नाही म्हणजे नाही.

असं आमचं बरेच दिवस चाललं. एकही गाडी परत आली नाही. आम्ही दोघं त्या गाळ्यात उलट्या आभाळाच्या काठावर बसून असायचो आणि मला वाटायला लागलं होतं, हे असंच चालेल. मूर्खाला नेहमी तसंच वाटतं.

मग एक काळी गाडी आली. लग्नाची होती, नवरदेव तीच घेऊन जाणार होता. काळा रंग काही लपवत नाही. काका सकाळपासून तिच्याशी बोलत होते. कोपऱ्यात विचारून झालं, पॉलिश ठरलं, मशीन फिरलं. त्या दिवशी त्यांचा हात थकलेला होता. कुठे जास्त दाबला गेला, कुठे उचलला गेला. शेवटी त्यांनी स्पिरिट मारलं आणि मी टॉर्च धरला.

सगळं बॉनेट ढगाळलेलं होतं. प्रकाश हलवला की मशीनच्या वाटेचे पट्टे नागमोडी हलत होते. संजना पलीकडे पाठमोरी चाकं धूत होती. काका माझ्याकडे तोंड करून थांबले होते, मान जरा कललेली, चेहऱ्यावर परीक्षेचा निकाल ऐकणाऱ्या मुलासारखं काहीतरी.

मी म्हटलं, "छान दिसतंय."

"आणि?"

"आणि काय? मस्त. एकदम फर्स्ट क्लास."

काकांनी मशीन हळूच खाली ठेवलं, वायर गुंडाळली.

"वहिनी, आज खाण्याचं नाव घेतलं नाहीत."

मी टॉर्च विझवला. जिभेवर शंभर पदार्थ होते, एक बाहेर येईना. काका वळले आणि त्यांनी हाक मारली, "बाय, हय ये गो. ही गाडी तू बघ."

संजना आली. तिने बॉनेटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे. गाडी परत आलेली नव्हती. ती अजून गाळ्याबाहेरही पडली नव्हती. पण संजना काही बोलायच्या आत काकांनी पॉलिशच्या फळीकडे जाऊन सगळ्या बाटल्यांची तोंडं तिच्या बाजूला वळवली. "मवाळापासून सुरुवात कर," एवढंच म्हणाले.

मी डबा तिथेच विसरून घरी आले. पुढे कितीतरी दिवस गेलेच नाही. यांनी विचारलं, "मोजे फाटले का?" तर त्यांच्यावर ओरडले. मला स्वतःचा राग येत होता. इतकी वर्षं कचेरीत साहेबांना तोंडावर खरं सुनावणारी बाई, आणि एका बॉनेटपुढे शेपूट घातली. खरं सांगितलं असतं तर त्यांनी नुसतं पॅड बदललं असतं, आणखी एक हात फिरवला असता. मी गोड बोलून त्यांच्या हातातलं मशीन काढून घेतलं.

आता गाळा संजनाचा आहे. मेण मागणारी माणसं कमी झाली, तरी ती तो एक डबा ठेवते. मेणकाका गावी गेले. तिकडच्या लाल मातीला ते फार नावं ठेवत, गाड्या आंघोळ केल्यासारख्या लाल होतात म्हणत. त्याच मातीत पुढे ते गेलेही. गाळ्यात नुसतं बसून राहायला त्यांना नको होतं. "मी बसलो तर गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघणार आणि बाय गिऱ्हाईकाच्या," असं ते म्हणाले होते.

निघायच्या आदल्या सकाळी ते आमच्या घरी आले. पहिल्यांदाच. संजना खाली गाडी लावत होती, आणि ते कठडा धरून, पायरी चाचपत एकटेच वर आले. शर्ट तसाच, कडक इस्त्रीचा. हातात माझा डबा होता, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात गावची काजूची बी. यांनी त्यांना खुर्ची दिली. मी पाणी आणलं आणि उभ्याउभ्याच सुरू झाले, की माझं चुकलं, मी असं बोलायला नको होतं, तुम्ही विश्वासाने विचारलं होतं. त्यांनी पेला खाली ठेवला, मला थांबवलं आणि म्हणाले:

"खरं सांगायला माझी बाय आहे, डॉक्टर आहे, गिऱ्हाईक तर आहेच. पण माझ्यासाठी खोटं बोलणारं, आमची ही गेल्यापासून कोणी उरलं नव्हतं. आणि बोललात ते पण किती वाईट बोललात, वहिनी! पण माका बरा वाटला."